सोल्डर न धरणारी तार

मोटारसायकलच्या बेंड पाइपावर बोटभर लांबीचा एक सेन्सर बसवलेला असतो. त्यातून निघणारी तार उंदराने कुरतडली किंवा तापलेल्या पाइपाला टेकून जळाली, की गाडी गॅरेजात येते. मिस्त्री सवयीने तार सोलतो, पेस्टमध्ये बुडवतो, आयर्न टेकवतो. आणि सोल्डरचा मणी अळवावरच्या पाण्यासारखा तारेवरून घरंगळून खाली पडतो. पेस्ट वाढवली, आयर्न आणखी तापवलं, तार पॉलिश पेपरने घासली, तरी तेच. शेवटी दोन्ही टोकं पिळून वरून काळी टेप मारली जाते. इंजिनची लाइट विझते, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं आणि पहिल्या पावसात परत येतं.

गेल्या पाच-सहा वर्षांत महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी हा प्रश्न पोहोचला आहे. धरणगावही त्याला अपवाद नाही. मराठी वाचकाला हे नाव बालकवींमुळे ठाऊक असतं. नकाशावर ते सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं गाव आहे. दक्षिणेला एरंडोल, पश्चिमेला अमळनेर, तापी ओलांडली की चोपडा, आणि पाळधीवरून पूर्वेला जळगाव. भोवती कपाशीची काळी जमीन. इथल्या माणसाचं पोट दुचाकीवर, मालवाहू टेम्पोवर आणि ट्रॅक्टरवर चालतं. गाडी बिघडली तर कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपसाठी जळगाव गाठायचं, म्हणजे अख्खा दिवस मोडतो. म्हणून पहिली गाठ पडते ती गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनशी. “काय व्हयनं भाऊ?” एवढ्या प्रश्नावर दुरुस्ती सुरू होते, आणि ती तिथेच व्हावी अशी दोघांचीही इच्छा असते.

हा सेन्सर खेड्यातल्या दुचाकीवर आला कसा, याचं उत्तर एका तारखेत आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषण-मानक लागू झालं. तोवर शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटर होता. त्याचा स्क्रू कानाने ऐकून अर्धा आटा फिरवला की गाडी लागायची. नव्या मानकाबरोबर बहुतेक साध्या मोटारसायकलींनाही फ्युएल इंजेक्शन आलं आणि किती पेट्रोल फवारायचं हे छोटा संगणक ठरवू लागला. त्या संगणकाला धुरात ऑक्सिजन किती उरला आहे ते कळावं लागतं. ते सांगण्याचं काम या ऑक्सिजन सेन्सरचं. मिस्त्रींच्या बोलण्यात तो ‘ओटू सेन्सर’.

जगाच्या मानाने तो इथे उशिरा आला. जर्मनीच्या बॉश कंपनीने बनवलेला हा सेन्सर १९७६ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो मोटारीत पहिल्यांदा बसवला गेला. आत झिर्कोनियम ऑक्साइडचा चिनीमातीसारखा तुकडा असतो, त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा पातळ लेप असतो. एका अंगाला सायलेन्सरमधला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. तुकडा साधारण तीनशे अंशांच्या वर तापला की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनच्या फरकातून वीज तयार होते. पेट्रोल जास्त असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, कमी असेल तर ०.१. या फरकाचं गणित वॉल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्येच मांडून ठेवलं होतं. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा या प्रमाणाच्या अलीकडे-पलीकडे ही वीज झटकन बदलते, आणि संगणक तेवढ्यावर आपला अंदाज दुरुस्त करत राहतो.

आता तारेकडे येऊ. घरच्या वायरिंगमध्ये असतं तसं शुद्ध तांबं इथे सहसा नसतं. सेन्सरचं तोंड लाल होईपर्यंत तापतं आणि तार त्याच्या पाठीतूनच निघते. एवढ्या उष्णतेत उघडं तांबं लवकर काळं पडून ठिसूळ होतं. म्हणून काही कंपन्या तांब्यावर निकेलचा मुलामा देतात, काही थेट स्टेनलेस स्टीलच्या किंवा निकेलच्या मिश्रधातूच्या बारीक काड्या वापरतात. बाहेरचं वेष्टणही साध्या पीव्हीसीचं नसून टेफ्लॉनचं असतं, काही ठिकाणी वर काचतंतूंची स्लीव्ह असते.

सोल्डर म्हणजे कथील आणि शिशाचं मिश्रण. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं घेतलं तर ते १८३ अंशांना वितळतं. पण नुसतं वितळून भागत नाही. खालच्या धातूशी कथलाचा प्रत्यक्ष संबंध यावा लागतो, आणि मधला गंजाचा थर तो येऊ देत नाही. हा थर काढण्यासाठीच पेस्ट असते. पेस्टमधली राळ तांब्यावरचा थर सहज काढते. निकेलवर ती कमी पडते. स्टेनलेस स्टीलपुढे तर तिचं काही चालत नाही, कारण त्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय चिवट पापुद्रा असतो. घासून काढला तरी हवा लागताच तो पुन्हा धरतो. भांड्यातलं स्टील गंजत नाही ते याच पापुद्र्यामुळे, आणि सोल्डर चिकटत नाही तेही याच्याचमुळे.

खानदेशातल्या जुन्या कारागिरांना हे विज्ञान हातांनी माहीत होतं. कल्हईवाला तांब्या-पितळेचं पातेलं तापवून आधी नवसागर टाकायचा. पांढरा धूर निघायचा, धातू उघडा पडायचा, मग कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरायचं. रेडिएटर दुरुस्त करणारे याच्या पुढचं औषध वापरायचे. मिठाच्या तेजाबात जस्ताचे तुकडे विरघळवून केलेलं पाणी पितळेच्या टाकीवर फासलं की डाग पक्का बसायचा. पुढे रेडिएटर अॅल्युमिनियमचे आले आणि ती कला मागे पडली. पण जस्ताचं ते तेजाबी पाणी स्टेनलेस स्टीलवरही चालतं, हे ज्यांना आठवतं त्यांनी सेन्सरच्या तारेवर तोच प्रयोग करून पाहिला. सोल्डर बसला. चकचकीत बसला.

इथेच खरा घात होतो.

तेजाबाचा अंश तारेच्या काड्यांमध्ये केशाकर्षणाने आत शिरतो. पातेलं धुता येतं, रेडिएटर पाण्याखाली धरता येतो. वेष्टणाच्या आत दोन बोटं शिरलेलं आम्ल धुणार कसं? ते आत राहतं, ओल धरतं आणि काही महिन्यांत तार आतून खातं. बाहेरून जोड शाबूत दिसतो, आत हिरवट भुकटी झालेली असते. म्हणून तेजाबाचा फ्लक्स पत्र्याला ठीक, तारेला नाही.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे आणि ते बऱ्याच मिस्त्रींना कुणी सांगितलेलंच नसतं. वर म्हटल्याप्रमाणे सेन्सरच्या तुकड्याला एका अंगाने बाहेरची स्वच्छ हवा लागते. सेन्सर तर चिखल-पाणी आत जाऊ नये म्हणून पक्का बंद केलेला असतो. मग हवा कुठून येते? बऱ्याच कंपन्यांच्या सेन्सरमध्ये ती तारेतून येते. वेष्टण आणि आतल्या काड्या यांच्यामधल्या फटींतून अगदी सूक्ष्म प्रमाणात हवा सेन्सरच्या पोटापर्यंत पोहोचते. ही तार वीज वाहते आणि सेन्सरचा श्वासही तिच्यातूनच चालतो. तिच्यात सोल्डर भरला की काड्यांमधल्या फटी बुजतात. गाडी लगेच बंद पडत नाही, म्हणूनच चूक लक्षात येत नाही. आतला ऑक्सिजन हळूहळू कमी होतो, सेन्सरचा व्होल्ट खाली येतो, संगणकाला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो जास्त फवारू लागतो. मालक तक्रार करतो ती अ‍ॅव्हरेज पडल्याची. त्या तक्रारीचा संबंध दोन महिन्यांपूर्वीच्या टाक्याशी कुणी जोडत नाही.

म्हणूनच सेन्सर बनवणाऱ्या कंपन्या आपल्या सूचनापत्रकात सोल्डर करू नका असं सांगतात आणि दाबून बसवायचे जोड वापरायला लावतात. अनेक गाड्यांना चालणाऱ्या बॉशच्या सेन्सरच्या पाकिटात तर यासाठी वेगळा बंदिस्त जोड मिळतो. कपलरमध्ये ग्रीस किंवा कॉन्टॅक्ट स्प्रे मारू नये, असंही सांगितलं जातं. इतर कपलरना ग्रीस औषधासारखं लागू पडतं, इथे त्याची वाफ त्याच श्वासातून आत जाते. सायलेन्सरच्या जोडाला लावलेलं सिलिकॉनही सेन्सरला विष ठरू शकतं. शिशाचंही तसंच. देशात १ फेब्रुवारी २००० पासून फक्त शिसेविरहित पेट्रोल विकलं जाऊ लागलं. त्याआधीच्या पेट्रोलवर हा सेन्सर टिकलाच नसता.

मग तुटलेली तार जोडायची कशी? आधी ती ओळखायची. ब्लेडने एक काडी हलकेच खरवडली आणि आतून लालसर तांबं दिसलं, तर वर कथलाचा किंवा निकेलचा मुलामा आहे. खरवडूनही पांढरीच राहिली तर ती स्टीलची किंवा निकेलची. लोहचुंबक जवळ नेला तर निकेल ओढलं जातं, सेन्सरच्या तारेतलं स्टेनलेस बहुधा ओढलं जात नाही. यात एक मिनिटही जात नाही आणि पुढची सगळी फसगत टळते.

त्यानंतर पाहायचं, तार कपलरच्या कोणत्या बाजूला तुटली आहे. गाडीच्या बाजूची तार साध्या तांब्याची असते, सोल्डर तिला धरतो. सेन्सरच्या बाजूची तार तुटली असेल तर आयर्न बाजूला ठेवायचं आणि क्रिंपिंगचा पाना घ्यायचा. तारेच्या जाडीला बेतलेली उघडी धातूची नळी घ्यायची, काड्या एकही न तोडता सोलायच्या, दोन्ही टोकं नळीत घालून रॅचेटच्या पान्याने एकदाच पूर्ण दाबायचं. हा पाना पूर्ण दाबल्याशिवाय सुटतच नाही, त्यामुळे अर्धवट जोड होत नाही. पकडीने चेपलेला जोड आणि हा जोड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चांगल्या दाबात काड्या एकमेकींत इतक्या घट्ट बसतात की मध्ये हवा आणि गंजाला जागा उरत नाही, पण वेष्टणाखालची वाट मोकळी राहते. दाबण्याआधी टोकांवर सोल्डर चढवायचा मोह टाळायला हवा. सोल्डर मऊ असतो, दाबाखाली हळूहळू सरकतो आणि पक्का वाटलेला जोड सैल पडतो. शेवटी हाताने ओढून पाहायचं आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवायची. साध्या टेपचा गोंद जळगाव जिल्ह्याच्या उन्हाळ्यात नुसत्या उन्हानेच पाघळतो, मग इंजिनजवळ तो कसा टिकणार?

चार तारा असतील तर चारही जोड एकाच ठिकाणी न करता थोड्या थोड्या अंतरावर करायचे. जुडगा जाड होत नाही आणि एखादी स्लीव्ह फाटली तरी उघडे जोड एकमेकांना टेकत नाहीत. जोड पाइपापासून जमेल तेवढा लांब ठेवायचा.

तारांच्या रंगांची गोष्ट वेगळीच सांगायला हवी, कारण इथे अनुभवी हातही फसतात. बॉश आणि एनटीकेच्या चार तारांच्या सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या तारा हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी अर्थची. डेन्सोच्या सेन्सरमध्ये दोन काळ्या तारा हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी अर्थची. म्हणजे एका कंपनीत जी काळी तार एक व्होल्टसुद्धा देत नाही, तीच दुसऱ्या कंपनीत बॅटरीचे बारा व्होल्ट घेते. रंगाला रंग जोडला तर बॅटरी थेट संगणकाच्या सिग्नलच्या पायात जाऊ शकते. तारेचा तुकडा वाचवायला गेलेला माणूस अख्खं कंट्रोल युनिट गमावून बसतो. मल्टिमीटरने आधी हीटरच्या दोन तारा शोधायच्या. त्यांच्यामध्ये काही ओहमचा रोध मिळतो, बाकीच्यांत थंड असताना जवळपास तुटलेल्या तारेसारखं दिसतं. मीटरचे दोन पिन लावायला वेळ किती लागतो?

सगळे सेन्सर एकाच मापाने मोजायचे नसतात, हे समजून घेण्यासाठी जोडाच्या दोषातून वाढलेला फक्त एक ओहम घेऊ. इंजिनच्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा रोध हजारांत असतो, त्याला एका ओहमचा पत्ताही लागत नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरमधून एक अँपियर जात असेल तर तोच एक ओहम एक व्होल्ट खाऊन टाकतो. सेन्सर उशिरा तापतो आणि इंजिनची लाइट लागते. बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची उष्णता मोजायला बसवलेले प्लॅटिनमचे सेन्सर शून्य अंशाला दोनशे ओहम दाखवतात, त्यात एक ओहम म्हणजे साधारण सव्वा अंशाची चूक. ती चालून जाईल, पण ओलीने जोड खराब होत गेला तर चूक रोज वाढेल. आणि उष्णता मोजणारा सेन्सर थर्मोकपल असेल तर प्रश्न रोधाचा राहतच नाही. दोन वेगळ्या धातूंचा सांधा हाच तिथला मोजमापाचा आधार असतो. मध्ये तांब्याचा तुकडा घातला आणि त्याची दोन टोकं वेगळ्या तापमानाला असली, की आकडा चुकलाच.

चाकाजवळच्या एबीएस सेन्सरचं दुखणं याच्या उलट. त्याची तार तांब्याची, सोल्डर लगेच धरते आणि त्यामुळेच फसवते. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या मोटारसायकलींना आणि नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचा झाला. आजकालचे हे सेन्सर ७ आणि १४ मिलिअँपियर अशा दोनच पायऱ्यांत बोलतात, म्हणजे अगदी हलक्या आवाजात. त्यांची तार हँडलबरोबर वळते, शॉकअपबरोबर वर-खाली होते. सोल्डर जिथपर्यंत शोषला गेला तिथपर्यंत तार कडक काडी होते, आणि जिथे तो संपतो त्या रेषेवर ती वाकून वाकून तुटते. जोड तुटत नाही, जोडाच्या शेजारी तार तुटते. पावसाळ्यात शिवारातून आलेल्या गाडीच्या चाकाला काळ्या मातीचा गोळा धरलेला असतो, तो वाळला की तारेला ओढ बसते. अशा तारेत मधोमध जोड घालणं धोक्याचं, कारण इथे चुकलं तर प्रश्न अ‍ॅव्हरेजचा नसून ब्रेकचा असतो. एबीएसची तार हलत्या भागात तुटली तर सेन्सर अख्खा बदलावा, असं ठामपणे म्हणायला हवं.

काही तारा तर कापायच्याच नसतात. मोटारींतल्या वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरच्या कपलरमध्ये एक चिमुकला रेझिस्टर असतो. कारखान्यात प्रत्येक सेन्सर तपासून त्याच्यापुरता तो लेझरने नेमका केलेला असतो. जुना कपलर ठेवून नवा सेन्सर जोडला, तर एका सेन्सरचं माप दुसऱ्याला लागू होतं. ट्रकच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणाऱ्या नॉक्स सेन्सरला तारेच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचा इलेक्ट्रॉनिक डबा असतो आणि सेन्सर व डबा यांची जोडी एकत्र जुळवलेली असते. महामार्गावरच्या धाब्याशेजारी उभ्या असलेल्या ट्रकखाली घाईने अशी तार जोडण्यात अर्थ नाही.

ट्रॅक्टरवाल्यांना अजून थोडी उसंत आहे. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून नवं प्रदूषण-मानक लागू झालं आणि त्यांत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं. देशात विकले जाणारे बहुतेक ट्रॅक्टर त्याच्या आतले आहेत. पण वारं कोणत्या दिशेला आहे ते स्पष्ट दिसतं. कपाशी भरलेल्या शेडमध्ये उभ्या असणाऱ्या ट्रॅक्टरची तार उंदीर मानक बघून कुरतडत नाहीत.

या कामात कारागिराच्या अंगाचाही विचार हवा, तो फार कमी होतो. राळेच्या धुराने दमा लागू शकतो. आयर्नवर मान वाकवून दिवसभर बसणाऱ्या पोराला तो धूर थेट नाकात जातो. शिसं मात्र धुरातून कमी आणि बोटांतून जास्त पोटात जातं. सोल्डरची तार हाताळलेल्या हातानेच तंबाखू मळली जाते, त्याच हाताने भाकरी मोडली जाते. टेफ्लॉनचं वेष्टण लायटरने जाळून सोलायची सवयही तितकीच घातक, त्याचा धूर फुप्फुसांना झोंबतो. दुकानात एक छोटा पंखा आणि साबणाची वडी ठेवणं कुणालाही परवडण्यासारखं आहे.

एवढं सगळं गावातल्या मिस्त्रीला कळणार कुठून? कंपन्यांची दुरुस्तीची पुस्तकं त्यांच्या अधिकृत केंद्रांपुरती असतात. केंद्राचं उत्तरही ठरलेलं असतं: तार तुटली, सेन्सर बदला, जमलं तर पूर्ण वायरिंग बदला. त्या बिलाच्या भीतीनेच माणूस पिळलेल्या टेपकडे वळतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारगाड्या आहेत, शेतीची अवजारंही आहेत. या हक्काचा तालुक्याच्या गावी काही अर्थ व्हायचा असेल तर कंपन्यांनी दोन गोष्टी खुल्या बाजारात आणाव्यात: कपलरसह हातभर तारेचा तयार तुकडा, आणि कोणती तार कशी जोडायची किंवा जोडायचीच नाही हे सांगणारं मराठीतलं पानभर पत्रक.

शिकवण्याची सोयही दूर नाही. जळगाव जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, वायरमन घडतात. धरणगाव तालुक्यातच, गिरणेच्या काठावरच्या बांभोरीत, १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर वाहनांची चाचणी करणारी एआरएआय आहे. चालत्या दुकानातल्या कारागिरांसाठी दोन दिवसांचा क्रिंपिंगचा वर्ग घ्यायला नवी इमारत लागत नाही. एक रॅचेटचा पाना, एक मल्टिमीटर, टाकून दिलेले दहा-वीस सेन्सर आणि समजावून सांगणारा एक माणूस एवढ्यावर तो उभा राहू शकतो. आयटीआयच्या प्राचार्यांनी आणि बांभोरीच्या प्राध्यापकांनी तो या उन्हाळ्याच्या सुट्टीतच घ्यावा. गाडीच्या मालकांनीही पुढच्या वेळी तार जोडून घेताना टेप मारायच्या आत जोड डोळ्यांनी पाहावा आणि तो दाबलेला आहे की सोल्डरचा, हे मिस्त्रीला विचारावं.